धर्मगुरूंवर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला, तर संस्थेने आधी काय करावे?

प्रश्न : साशंक विश्वस्त

मी एका धार्मिक संस्थेच्या विश्वस्त मंडळावर आहे. संस्थेचे, धर्माचे आणि ठिकाणाचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण त्यावरून तक्रार करणाऱ्या व्यक्तीची ओळख उघड होऊ शकते. मंडळाकडे अलीकडे एका स्त्रीचे पत्र आले आहे. चौदा वर्षांची असताना ती आमच्या अध्ययनवर्गाला येत असे, आणि तो वर्ग घेणाऱ्या ज्येष्ठ धर्मगुरूंनी त्या काळात आपल्यावर अनेक महिने लैंगिक अत्याचार केले, असे तिने लिहिले आहे. पत्रात आरडाओरडा नाही, पैशाची मागणी नाही. वर्ग कोणत्या खोलीत भरत असे, बाकीची मुले घरी गेल्यावर कोणते निमित्त काढून तिला थांबवून घेतले जाई, आणि एकदा धीर करून तिने घरी सांगितले तेव्हा तिलाच कसे गप्प बसवण्यात आले, एवढेच सरळ शब्दांत लिहिलेले आहे. हे गृहस्थ अजूनही मुलांना शिकवतात असे कळले म्हणून आपण लिहीत आहोत, असे शेवटी म्हटले आहे.

मंडळाची बैठक झाली. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे पडले की, झाकली मूठ सव्वा लाखाची. धर्मगुरूंना काही दिवसांनी दुसऱ्या शाखेत पाठवावे, म्हणजे त्यांचाही मान राहील आणि संस्थेचाही बोभाटा होणार नाही. दुसऱ्यांनी अंतर्गत चौकशी समिती सुचवली. तिसऱ्यांनी विचारले की, इतकी वर्षे ही बाई गप्प का होती? या तिन्ही सूचनांना बैठकीत माना डोलावल्या गेल्या, आणि चिटणिसांनी उत्तराचा मसुदा वाचून दाखवला. त्यातला मुख्य भाग असा आहे : ‘आपल्या पत्रातील मजकुरामुळे संस्थेस अत्यंत वेदना झाल्या आहेत. आपण कार्यालयात एकट्याने उपस्थित राहून संबंधित गुरुजनांच्या समक्ष आपले म्हणणे मांडावे, तसेच या विषयाची वाच्यता अन्यत्र करणार नाही असे लेखी द्यावे.’

या मसुद्यावर मी सही केलेली नाही. परंतु नुसते अडून बसणे पुरेसे नाही, हेही मला कळते. आरोप खरा असेल तर आज वर्गात बसणाऱ्या मुलांचे काय, ही माझी पहिली चिंता आहे. आणि आरोप खोटा ठरला तर एका माणसाचे आयुष्यभराचे नाव मातीत जाईल, हीसुद्धा चिंता आहेच. इतर धर्मांतल्या, इतर देशांतल्या संस्थांनी अशा वेळी काय केले, त्याचे पुढे काय झाले आणि अंतर्गत चौकशीचा मार्ग कितपत योग्य आहे, याची माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. पुढच्या बैठकीत मला ठोस काही मांडायचे आहे.

प्रतिसाद १ : दीर्घवाचक

आपण सही केली नाहीत हे योग्य केलेत. गेली काही वर्षे मी या विषयावरचे निरनिराळ्या देशांतले चौकशी अहवाल वाचत आलो आहे. आपल्या बैठकीत मांडल्या गेलेल्या तिन्ही सूचना त्या अहवालांतून जवळजवळ त्याच शब्दांत भेटतात, आणि त्यांचे परिणामही तिथे नोंदवलेले आहेत.

आधी बदलीचा विचार करू. अमेरिकेतील कॅथलिक चर्चच्या बॉस्टन धर्मप्रांतात (म्हणजे एका आर्चबिशपच्या, वरिष्ठ धर्माधिकाऱ्याच्या, अखत्यारीतील विभागात) जॉन गेगन या धर्मगुरूंवर मुलांवरील अत्याचाराच्या तक्रारी येत गेल्या आणि दर वेळी त्यांना एका धर्मग्रामातून (स्थानिक चर्चच्या परिसरातून) दुसऱ्या धर्मग्रामात हलवण्यात आले. 1984 मध्ये आर्चबिशप बर्नार्ड लॉ यांनी, पूर्वीच्या तक्रारी कार्यालयाला ठाऊक असतानाही, त्यांची नव्या ठिकाणी नेमणूक केली. नव्या ठिकाणच्या आईवडिलांना कोणी काही सांगितले नाही. 2002 च्या जानेवारीत बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्राने ही कागदपत्रे उजेडात आणली, तोपर्यंत गेगन यांच्याविरुद्ध 130 हून अधिक जण पुढे आलेले होते. तोवर कार्डिनल झालेल्या लॉ यांना त्याच वर्षीच्या डिसेंबरात आर्चबिशपपद सोडावे लागले. पुढे 2004 मध्ये रोममधल्या एका मोठ्या बॅसिलिकाची (मानाच्या चर्चची) जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्यात आली, ही गोष्ट अत्याचार सोसलेल्यांच्या मनात आजही सलते.

बॉस्टन हा अपवाद नव्हता. 2018 मध्ये पेनसिल्वेनिया राज्यातील ग्रँड ज्युरीने (गुन्ह्यांची तपासणी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सहा धर्मप्रांतांची कागदपत्रे तपासली तेव्हा 300 हून अधिक धर्मगुरूंची आणि 1000 हून अधिक बालकांची नोंद सापडली. त्याच वर्षी जर्मनीत बिशपांनीच करवून घेतलेल्या अभ्यासात 1946 ते 2014 या काळातले 3677 पीडित आणि 1670 आरोपित धर्मसेवक कागदोपत्री आढळले. बदली केल्याने संस्थेची अडचण फक्त एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाते, आणि जिथे ती जाते तिथल्या मुलांभोवती सावध माणसे नसतात. आपल्या ज्येष्ठ सदस्यांना एवढेच विचारावे की, ज्या शाखेत यांना पाठवायचे त्या शाखेतल्या पालकांना हे पत्र दाखवणार का? दाखवणार नसाल, तर आपण त्या मुलांच्या बाबतीत आजच निर्णय घेतलेला आहे.

आता ‘इतकी वर्षे गप्प का’ या प्रश्नाविषयी. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने, म्हणजे सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार चौकशी आयोगाने, 2013 पासून 2017 पर्यंत संस्थांमधील बाललैंगिक अत्याचारांची चौकशी केली. शाळा, अनाथालये, क्रीडासंस्था आणि सर्व धर्मपंथ तिच्या कक्षेत होते. 8000 हून अधिक व्यक्तींनी आयोगाच्या सदस्यांसमोर खाजगीत आपली कहाणी सांगितली. या लोकांना घडलेली गोष्ट पहिल्यांदा कुणाजवळ बोलायला सरासरी 23.9 वर्षे लागली होती. ज्या माणसाच्या हातून प्रसाद घ्यायचा, ज्याच्या पायाशी आईवडील वाकतात, त्याच्याविरुद्ध चौदा वर्षांच्या मुलीने तोंड उघडायचे म्हणजे तिने आपल्या सगळ्या जगाविरुद्ध उभे राहायचे. त्यातून आपल्या पत्रलेखिकेने तर त्या वयातही सांगून पाहिलेले दिसते. विलंब हा खोटेपणाचा पुरावा मानला, तर जगातल्या बहुतेक खऱ्या तक्रारी पहिल्याच टप्प्यावर बाद होतील.

अंतर्गत चौकशीबद्दल मी जरा अधिक लिहितो, कारण तो मार्ग वरकरणी समंजसपणाचा वाटतो. इंग्लंडमध्ये जॉन स्मिथ नावाचे एक वकील ख्रिस्ती शिबिरांचे प्रमुख कर्ते होते. किशोरवयीन मुलांना आणि तरुणांना ते आध्यात्मिक शिस्तीच्या नावाखाली अमानुष मारहाण करीत. 1982 मध्ये याचा सुगावा लागल्यावर एका धर्मगुरूने अंतर्गत चौकशी केली आणि अहवाल लिहिला. अहवालात प्रकार स्पष्टपणे नोंदवलेला होता. तो मोजक्या लोकांनी वाचला, पोलिसांकडे कोणीही गेले नाही, आणि 1984 मध्ये स्मिथ झिम्बाब्वेला जाऊन तिथे मुलांची शिबिरे भरवू लागले. पुढे ते दक्षिण आफ्रिकेत राहिले आणि 2018 मध्ये खटला न चालताच वारले. कीथ मेकिन यांच्या नोव्हेंबर 2024 च्या स्वतंत्र परीक्षण अहवालाने हा सारा घटनाक्रम मांडला. शंभराहून अधिक मुले आणि तरुण या अत्याचाराला बळी पडले असावेत, असे त्यात म्हटले आहे. 2013 मध्ये माहिती मिळूनही पुरेसा पाठपुरावा झाला नाही, या ठपक्यामुळे चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वोच्च धर्माधिकारी, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी पदत्याग जाहीर केला. म्हणजे चौकशी झाली होती, ती प्रामाणिकपणे लिहिलीही गेली होती. पण तिचा वाचक कोण असावा हे संस्थेनेच ठरवले.

दुसरे उदाहरण यहोवाज् विटनेसेस या ख्रिस्ती पंथाचे. कबुली नसेल तर दोन साक्षीदार असल्याशिवाय आरोप सिद्ध मानायचा नाही, असा त्यांच्या अंतर्गत न्यायाचा नियम आहे. मुलावरच्या अत्याचाराला दुसरा साक्षीदार कुठून येणार? ऑस्ट्रेलियातील आयोगाला त्यांच्या फायलींत 1950 पासूनच्या 1006 आरोपित व्यक्तींची नोंद मिळाली. त्यातले एकही प्रकरण पंथाने स्वतःहून पोलिसांकडे दिलेले नव्हते.

हा एका धर्माचा दोष आहे, असे कृपया कोणी समजू नये. तिबेटी बौद्ध परंपरेतले सोग्याल रिनपोचे यांच्याविरुद्ध 2017 मध्ये त्यांच्याच आठ ज्येष्ठ शिष्यांनी पत्र लिहिले, तेव्हा कुठे ते संस्थेच्या प्रमुखपदावरून दूर झाले, आणि पुढच्या वर्षी बाहेरच्या वकिलांच्या चौकशीत अनेक आरोपांना दुजोरा मिळाला. भारतात आसाराम यांना 2018 मध्ये अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप झाली. तो खटला उभा राहीपर्यंत आणि चालू असताना साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींनी प्राण गमावले. डेरा सच्चा सौदाचे गुरमीत राम रहीम यांच्याविरुद्धची तक्रार 2002 मध्ये एका निनावी पत्रातून पुढे आली, आणि शिक्षा व्हायला 2017 साल उजाडले. धर्म कोणताही असो, जिथे श्रद्धा, सत्ता आणि एकांत एकाच व्यक्तीच्या हाती येतात आणि तिला विचारणारे कोणी नसते, तिथे कुंपणच शेत खाऊ लागते.

प्रतिसाद २ : दुसरी बाजू

वरील प्रतिसादाशी माझा मोठा विरोध नाही, तरी आरोपित व्यक्तीच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल 1958 मध्ये वारले. 2015 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने त्यांच्यावरील एका जुन्या आरोपासंबंधी तक्रारदाराशी तडजोड करून जाहीर माफी मागितली आणि संस्थांना, वास्तूंना दिलेले त्यांचे नाव भराभर उतरवले जाऊ लागले. 2017 मध्ये लॉर्ड कार्लाइल यांच्या स्वतंत्र परीक्षणाने दाखवून दिले की, बेल यांच्या बाजूने बोलणारे कोणीही त्या प्रक्रियेत नव्हते, हयात साक्षीदारांचा शोध नीट घेतला गेला नव्हता आणि निष्कर्षाची घाई झाली होती. पूर्वी पांघरूण घातल्याचा दोष धुऊन काढण्याच्या भरात संस्थेने या वेळी दुसऱ्या टोकाची चूक केली. ऑस्ट्रेलियात कार्डिनल जॉर्ज पेल यांना ज्युरीने दोषी ठरवले होते, आणि 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनी एकमताने ती दोषसिद्धी रद्द केली.

या उदाहरणांचा उपयोग तक्रारदाराला गप्प करण्यासाठी कोणी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. धर्मगुरू निर्दोष असतील तर संस्थेच्या चार माणसांनी दिलेले प्रशस्तिपत्र त्यांच्या काडीच्याही उपयोगाचे नाही. आपल्या माणसाला पाठीशी घातले, असेच लोक म्हणणार. बाहेरच्या यंत्रणेने, दोन्ही बाजू ऐकून, कागद तपासून दिलेला निर्णयच त्यांचे नाव स्वच्छ करू शकतो. तोपर्यंत त्यांना मुलांच्या संपर्कातून दूर ठेवणे ही शिक्षा नाही, हे मंडळाने त्यांना समोर बसवून नीट समजावून सांगावे आणि त्यांचा चरितार्थ या काळात चालू ठेवावा. त्यांनाही स्वतःचा वकील नेमण्याचा सल्ला द्यावा. संस्थेचा वकील त्यांचा वकील नव्हे.

प्रतिसाद ३ : कलमदान

मी फौजदारी वकिली करते. आपण कोणत्या देशातून लिहीत आहात हे आपण सांगितलेले नाही आणि सांगूही नये. परंतु पहिला प्रश्न स्थानिक कायद्याचाच आहे. अनेक देशांत बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे हे ऐच्छिक नसून बंधनकारक आहे. भारतात 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 नुसार अशी माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवली पाहिजे. ती न कळवल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेल्या गुन्ह्याची माहिती संस्थाप्रमुखाने दडवली तर एक वर्षापर्यंत. हा कायदा नोव्हेंबर 2012 मध्ये अमलात आला. त्यापूर्वीच्या घटनांना त्या वेळचा दंडविधान लागू होतो, म्हणून घटना कोणत्या वर्षीची हे पाहून लेखी कायदेशीर मत घ्यावे. मुदत संपली असेल, असे कोणी बैठकीत म्हणेल. भारतात तीन वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना दखल घेण्याची मुदतच नाही. इतरत्र मुदतीचे नियम बदलत आहेत. न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये कायदा करून, मुदत उलटून गेलेल्या दिवाणी दाव्यांसाठीसुद्धा 2021 च्या ऑगस्टपर्यंत दार उघडले होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने तर पापनिवेदनात (अनुयायाने धर्मगुरूजवळ खाजगीत दिलेल्या पापाच्या कबुलीत) धर्मगुरूला कळलेल्या माहितीलाही कळवण्याच्या बंधनातून सूट राहू दिलेली नाही.

आपल्या चिटणिसांचा मसुदा मी पुन्हा पुन्हा वाचला. तिने एकटीने यावे, ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याच समोर बोलावे आणि तोंड बंद ठेवण्याचे लिहून द्यावे, या तिन्ही अटी घातक आहेत. पहिल्या दोन अटी साक्षीदारावर दबाव आणल्यासारख्या आहेत आणि उद्या न्यायालयात हे पत्र कोणीही वाचून दाखवू शकेल. तिसऱ्या अटीबद्दल सांगायचे तर, अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी जून 2002 मध्ये डॅलस येथे स्वीकारलेल्या सनदेतच, पीडित व्यक्तीने स्वतः मागितल्याशिवाय गुप्ततेचे करार करायचे नाहीत, असे बंधन स्वतःवर घालून घेतले. त्यापूर्वीच्या काळात पैसे देऊन सही घेतलेल्या अशा करारांनीच एकेका गुन्हेगाराला पुढची मुले मोकळी करून दिली होती. व्हॅटिकननेही डिसेंबर 2019 मध्ये या प्रकरणांवरची पोपच्या अधिकारातील गोपनीयता उठवली.

उत्तर चार ओळींचे असावे. पत्र मिळाले, ते आम्ही गांभीर्याने घेतले आहे, संबंधित व्यक्तीला मुलांच्या कामापासून आजपासून दूर ठेवले आहे, कायद्याने जिथे कळवायचे तिथे आम्ही कळवत आहोत आणि आपण स्वतः पोलिसांकडे जाऊ इच्छित असाल तर संस्था त्यात अडथळा आणणार नाही. खाली एका व्यक्तीचे नाव, पद आणि सही. ‘विश्वस्त मंडळ’ असे मोघम लिहू नये. आणि पोलिसांच्या आधी आपण साक्षीदारांना विचारपूस करू नका. हेतू कितीही चांगला असला, तरी अशा विचारपुशीने साक्षी बिघडतात.

प्रतिसाद ४ : पत्रलेखिका

असे पत्र मीही एकदा लिहिले होते, दुसऱ्या संस्थेला, पुष्कळ वर्षांपूर्वी. तिचे नाव इथे देत नाही. मला भेटीला बोलावले गेले. टेबलाच्या एका बाजूला पाच खुर्च्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला एक. पाचही जण सज्जन होते; मी लहानपणी त्यांतल्या दोघांच्या मुलींबरोबर खेळलेली होते. त्यांनी पाणी विचारले, ‘बाळा’ म्हणून हाक मारली, आणि मग एकेकाने त्या धर्मगुरूंचे उपकार सांगायला सुरुवात केली. कोणाच्या आजारपणात ते रात्रभर बसले होते, कोणाच्या मुलाला त्यांनी शिकवले होते. ते सगळे खरेच असणार. माझ्या बाबतीत त्यांनी जे केले, तेही खरे होते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडू शकतात हे स्वीकारण्याची त्या पाचांची तयारी नव्हती. शेवटी मला सांगण्यात आले की, क्षमा हा आपल्या धर्माचा गाभा आहे.

आपल्या मंडळातल्या सदस्यांना हे आवर्जून सांगा, की क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार त्या टेबलापलीकडे बसलेल्यांना नसतो. मी क्षमा मागायला किंवा द्यायला गेले नव्हते. मला एवढेच हवे होते की त्या खोलीत पुन्हा कोणतीही मुलगी एकटी थांबू नये. ते झाले असते तर मी बाकीचे सोडूनही दिले असते. ते झाले नाही. पुढची काही वर्षे वर्ग तसाच भरत राहिला. नंतर आणखी दोघीजणी पुढे आल्या, आणि मग संस्थेने दिलगिरीचे पत्रक काढले. त्यात आमच्यापैकी कोणाशीही कधी बोलणे झाल्याचा उल्लेख नव्हता.

तुमच्याकडे पत्र लिहिणाऱ्या ताईंना एकटीने बोलावू नका. त्यांना हवी ती व्यक्ती बरोबर आणू द्या, जागा त्यांना निवडू द्या, समुपदेशनाचा खर्च संस्थेने उचलावा पण समुपदेशक मात्र संस्थेतला नसावा. पुढे काय चालले आहे हे ठरावीक काळाने त्यांना कळवत राहा, काही घडले नसले तरी कळवा. वाट बघण्यात माणूस खचतो.

साशंक विश्वस्त यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पत्रलेखिका, आपण लिहिलेत त्याला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. आपली परवानगी असेल तर आपला प्रतिसाद मी बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवेन.

आज मी अध्यक्षांना भेटलो. धर्मगुरूंना वर्गापासून तात्काळ दूर ठेवण्यास आणि बाहेरच्या वकिलांचे लेखी मत घेण्यास ते राजी झाले आहेत. पोलिसांना कळवण्याचा विषय वकिलांचे मत हाती येताच बैठकीपूर्वीच मार्गी लावू, असेही ठरले. त्यांची भीती आता वेगळीच आहे. वर्ग अचानक दुसऱ्याच व्यक्तीकडे दिला तर लोक कुजबुजतील. तेव्हा सर्व अनुयायांना काही सांगावे की नाही, आणि सांगायचे तर किती, हा प्रश्न उरतो. आर्थिक दाव्यांच्या भीतीने काही सदस्य कोणतीही जाहीर वाच्यता करू नये या मताचे आहेत.

प्रतिसाद ५ : दीर्घवाचक

ही भीती प्रत्येक अहवालात आढळते, आणि संस्थांना ती फार महागात पडलेली आहे. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या प्रॉटेस्टंट संघटनेच्या कार्यकारिणीला वर्षानुवर्षे सांगितले जात होते की, अत्याचारी धर्मसेवकांची यादी ठेवावी, म्हणजे एका चर्चमधून काढलेला माणूस दुसऱ्या चर्चमध्ये रुजू होणार नाही. प्रत्येक चर्च स्वायत्त आहे आणि यादी ठेवल्यास आपल्यावर दायित्व येईल, असे उत्तर मिळत राहिले. 2022 मध्ये बाहेरच्या संस्थेने केलेल्या चौकशीत उघड झाले की, अशी यादी कार्यालयात गुपचूप ठेवली जात होती आणि तिच्यात 700 हून अधिक नावे होती. आयर्लंडमध्ये डब्लिन धर्मप्रांतावरील 2009 च्या मर्फी अहवालात याहूनही बोलका तपशील आहे. आपल्याला या समस्येची कल्पनाच नव्हती, असे सांगणाऱ्या धर्मप्रांताने 1987 मध्येच अशा दाव्यांपासून संरक्षण देणारा विमा उतरवून ठेवला होता. मुलांना सावध करण्याआधी तिजोरी सावध झाली होती.

तेव्हा अनुयायांना सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मजकूर आधी तक्रारदार ताईंना दाखवून आणि त्यांची संमती घेऊनच. त्यांची ओळख पटेल असे वय, वर्ष, वर्ग यांपैकी काहीही त्यात नसावे, कारण भारतासह अनेक देशांत पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आरोप आला आहे, चौकशी बाहेरच्या यंत्रणेकडे सोपवली आहे, संबंधित व्यक्ती तोपर्यंत मुलांच्या कामात नाही आणि तिला दोषी ठरवण्यात आलेले नाही, इतके पुरे. त्याखाली, आणखी कोणाला काही सांगायचे असल्यास संस्थेबाहेरचा संपर्क द्यावा. फ्रान्समध्ये बिशपांनी 2018 मध्ये निवृत्त ज्येष्ठ न्यायिक अधिकारी झाँ-मार्क सोव्हे यांना आयोग नेमण्यास सांगितले, सदस्यांची निवड पूर्णपणे त्यांच्यावर सोपवली आणि माहिती देण्याचे आवाहनही चर्चबाहेरच्या व्यवस्थेमार्फत केले. सहा हजारांहून अधिक जणांनी संपर्क साधला. 2021 च्या अहवालात, 1950 नंतर धर्मगुरू आणि धर्मसेवकांकडून अत्याचार झालेल्या बालकांची संख्या सुमारे 2,16,000 असावी, असा अंदाज देण्यात आला. तो आकडा अनेकांना असह्य झाला. पण चर्चच्या कार्यालयात बसून ही माणसे मोजता आली नसती, कारण त्या कार्यालयाच्या पायऱ्या ती पुन्हा चढणार नव्हती.

प्रतिसाद ६ : कलमदान

वरच्या मजकुराला मी एक व्यावहारिक सूचना जोडते, कारण पुढच्या बैठकीपर्यंत तीच सर्वांत निकडीची आहे. आजच्या आज सर्व कागद सुरक्षित करा. आलेले पत्र पाकिटासह, आवक नोंदवहीतली नोंद, त्या वर्षांची अध्ययनवर्गाची हजेरीपत्रके, खोल्यांच्या वापराच्या नोंदी, धर्मगुरूंच्या नेमणुकीचे आणि बदल्यांचे आदेश, आणि पूर्वी त्यांच्याविषयी कोणी तोंडी वा लेखी काही कळवले असल्यास त्याचा मागमूस, हे सारे एकत्र करून प्रती काढा आणि एक संच संस्थेबाहेर ठेवा. पूर्वीच्या बदल्यांची कारणे आवर्जून पाहा. जर्मनीतल्या कोलोन धर्मप्रांतात आर्चबिशप माइसनर यांनी ‘धुक्यातले बंधू’ अशा नावाची एक फाईल स्वतःजवळ वेगळी ठेवली होती, हे 2021 च्या अहवालातून कळले. जर्मनीतल्या देशव्यापी अभ्यासात तर काही ठिकाणचे कागद नष्ट केल्याचेही आढळले. ऑस्ट्रेलियाच्या आयोगाने अशा नोंदी किमान 45 वर्षे जपाव्यात अशी शिफारस केली आहे, ती तक्रार करायला लागणारा काळ लक्षात घेऊनच.

झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तात चिटणिसांच्या मसुद्याची नोंद असेल तर ती काढून टाकू नये. आपण त्यावर सही करण्यास नकार दिलात हेही त्यात लिहून घ्यावे, आणि लिहिले जात नसेल तर त्या आशयाचे पत्र अध्यक्षांना देऊन पोच घ्यावी.